भेगेतून येणारी हाक

बोलता बोलता मास्तर मधेच "आलो, आलो" म्हणायचे. हाक कुणीच मारलेली नसायची. तेलगावातल्या माझ्या सुतारकामाच्या दुकानात मी, मास्तर आणि त्यांच्या मांडीवरची जुनी गिटार, एवढेच असायचो.

ऑर्केस्ट्रात त्यांनी ती वीस वर्षं वाजवली. मग बाजारात परदेशी माल सुटला, मालकाने जपानी की-बोर्ड आणला आणि मास्तर गिटारीसकट घरी बसले. त्याच साली बायको वारली.

गिटार तुम्ही बघायला हवी होती. बोटांखालचं पॉलिश उडालेलं, मान किंचित वाकलेली, खुंट्या गंजलेल्या आणि पोटावर वीतभर भेग. माझी विजेची करवत सुरू झाली की जाडी तार आपोआप घुमायची. भेगेमुळे आवाज घोगरा, अगदी बाईमाणसाचा वाटायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

"भिऊ नका," मास्तर म्हणाले. "आमची कारभारीण हाय ही. जन्मात माझं नाव घेतलं न्हाई तिनं. नुसतं 'आवं'. त्याच सुरात तार लावलीय मी. तेवढी भेग बुजवू नका, तिच्यातूनच बोलती ती."

सांगितलं होतं हो त्यांनी! पण फुटकं लाकूड दिसलं की माझं डोकं फिरतं. शिवाय वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. ते धर्मापुरीला लग्नाला गेले तेव्हा गिटार माझ्याकडे ठेवून गेले. मी भेगेत सरस भरला, दोरीने आवळलं, वरून पॉलिश मारलं. म्हटलं, खूश होतील.

परत आल्यावर त्यांनी भेगेच्या जागी बोट फिरवलं.

"करवत चालवा."

चालवली. तार घुमली, पण गुळगुळीत. तो आवाज कुणाचाच नव्हता.

"आवं," मास्तर स्वतःच हळूच म्हणाले. दोनदा.

"चुकलं माझं, मास्तर. उकलून देतो."

"ऱ्हाऊ द्या आता. घाबरली आसंल ती."

त्यानंतरही ते येत राहिले, पण "आलो" कधी म्हणाले नाहीत. माझ्या जिवाला ते फार लागलं. दिवाळीआधी मास्तर गेले. गिटार न्यायला कुणी आलं नाही, म्हणून मी ती भिंतीला टांगली.

चैत्रात लाकूड वाळलं आणि सरस सुटला. भर दुपार, लाइट गेलेली, करवत बंद. भिंतीवरून घोगरी हाक आली. मग पुन्हा आली.

मी रंधा खाली ठेवला. उत्तर द्यायला दुकानात दुसरं होतं कोण?

"वहिनी," मी म्हणालो, "ते तर कवाच निघालेत तुमच्याकडं. पोचले न्हाईत व्हय?"