तेलावरून शेवटचं भांडण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढायचं. दुधनीला दिलेल्या लेकीला चटणी पाठवायची होती. संध्याकाळची वेळ, टीव्हीवर चर्चा चालली होती की आपल्या देशात जमिनीतनं काढलेलं तेल परदेशाला विकावं का.

मी जन्मभर रिक्षा चालवली, तेव्हा तेलावर बोलायचा हक्क माझा. म्हटलं, "विकावं की! देशाला चार पैसे येतील."

बायको म्हणाली, "आन आपुन बाहेरनं महाग आणायचं? आदी घरचं भागवा, मग वाटा."

"चौथी शिकलीस आन देश चालवतीस व्हय?"

"तुमी कुटं पाचवीत गेलता?"

मग मी हुकमाचा एक्का काढला. "तूच घरातली चटणी दुधनीला धाडतीस की!"

"अवो, लेक म्हंजे काय परदेश हाय? आन तुमची बरणी भरल्याबिगर तिचा डबा कदी भरला का मी? सांगा की!"

खरंच कधी भरला नव्हता. पण बायकोपुढं हरायची मला सवय नाही. "सकाळी सांगतो," म्हटलं आणि जेवून झोपलो.

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. डॉक्टर बघून गेला, शेजारी जमले. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुझंच खरं हाय."

शेजारीण घाबरून म्हणाली, "काका, काय खरं?"

मी तिला तेलाचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, मगच लेकीला फोन लावला.