शेजारीण आहे का?

नव्या बाई फक्त शाळेला नव्या होत्या. वय बेचाळीस, टाचा दुखऱ्या. पंधरा वर्षं कपड्यांच्या दुकानात घड्या घातल्या. पुढे दुकानच बंद पडलं, तेव्हा परीक्षा देऊन त्या शिक्षिका झाल्या. सहावीच्या वर्गात सेहेचाळीस मुलं होती. एकाच इमारतीच्या जिन्यावरून उतरणारी पोरं, पण एकमेकांची तोंडओळखसुद्धा नाही. आईबाप कामावर आणि दारं बंद. कुणी आठवडाभर आलं नाही, तरी कुणाला पत्ता नसायचा.

म्हणून बाईंनी पहिल्याच सोमवारी फर्मान काढलं. "आपली हजेरी आपण द्यायची नाही. शेजारच्याची द्यायची. तो आला नाही, तर घरी जाऊन बघायचं."

शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. चार दिवसांचं खूळ, म्हणाले. पण खूळ टिकलं. कुणाला ताप आला, कुणाच्या बापाचा हात मोडला, हे वर्गाला कळू लागलं. बाईंना बरं वाटलं. दमल्याही तितक्याच. शेवटच्या तासाला खडू हातातून गळायचा, आणि सकाळी हजेरी घेताना मान वर करायचंही जिवावर यायचं. "सातवा बाक, शेजारीण आहे का?" "आहे, बाई." की हजेरीपटावर टिंब.

एका बुधवारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गात येऊन डोकी मोजू लागल्या. डोकी भरली पंचेचाळीस, टिंबं सेहेचाळीस. सातव्या बाकावर चष्मेवाली एकटीच बसली होती.

"तुझी शेजारीण कुठेय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"घरी आहे. बारा दिवस झाले."

"मग रोज 'आहे' काय म्हणतेस?"

चष्मेवाली गोंधळली. "बाई विचारतात, आहे का? मी रोज जाऊन बघते. असते ती. धडाही देऊन येते."

नव्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा दिवस! पोरीचं काही चुकलं नव्हतं. विचारलं तेवढंच तिने सांगितलं होतं. मान वर न करणाऱ्या त्याच होत्या.

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावून सांगितलं, "हजेरीपट आजच दुरुस्त करा. दहा दिवसांच्या वर गैरहजर, म्हणजे नाव कमी होतं. उद्या पहिल्या तासाला मुलगी बाकावर दिसली तर ठेवते. नाही तर माझा इलाज नाही."

बाईंनी बारा लाल फुल्या मारल्या, खाली 'चूक माझी' लिहून सही केली आणि शाळा सुटल्यावर चष्मेवालीबरोबर निघाल्या. चार मजले चढताना गुडघे बोलायला लागले. दार उघडलं ते शेजारणीनेच. कडेवर वर्षाची धाकटी बहीण, खांद्यावर ओला लंगोट. मागून आई आली, कामावरून नुकतीच परतलेली, पायांत अजून चपला.

"बाळाला सांभाळणारी बाई काम सोडून गेली हो. मी कामावर गेले नाही तर खायचं काय?"

बाईंनी समोरच्या बंद दाराकडे बघितलं. "समोर कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोन वर्षांत दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या समोर कोण राहतं, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं! त्यांनी जाऊन समोरचं दार वाजवलं.

एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं, सगळं ऐकलं, बाळाकडे बघितलं. "सकाळची ठेवा. दुपारनंतर नाही. माझी पाठ धरते." मग म्हणाली, "रात्रभर रडते ती हीच ना?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. सातवा बाक अर्धा रिकामा. नव्या बाईंनी या वेळी मान वर केली.

"शेजारीण आहे का?"

चष्मेवालीने खिडकीतून खाली जिन्याकडे बघितलं. "आहे, बाई... म्हणजे जिन्यात आहे."

पावलं धडधडत वर आली. पोर धापा टाकत बाकावर बसली, दप्तरावर डोकं ठेवलं आणि पुढचा बाक पुकारायच्या आत गाढ झोपली. चष्मेवालीने गपचूप तिची वही ओढून आपल्या वहीशेजारी मांडली.

"अहो, ही तर झोपलीय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो," नव्या बाईंनी टिंब दिलं. "पण आहे."