प्रियदर्शनीचा अंधुक बोर्ड

जोतीरामआण्णांनी मुलाचं नाव सम्राट ठेवलं आणि मुलीचं प्रियदर्शनी. दोन्ही नावं एकाच राजाची, हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. मंगळवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. विहारात बोलायला उभे राहिले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "माझी लेक लेकाच्या बरोबरीनं शिकली."

आणि ती शिकली होतीच. पॉलिटेक्निकला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. डिप्लोमा झाल्यावर मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले, प्रिया आण्णांच्या दुकानात बसली. तेव्हा रेडिओ घेऊन येणारं गिऱ्हाईक जवळजवळ संपलं होतं. सम्राट टीव्ही दुरुस्त करायचा. प्रियाच्या डोक्यात मात्र आकडे दाखवणारे बोर्ड होते.

पहिलं काम मिळालं ते शहराजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचं. संस्थेत नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता, पण वजनाचा आकडा आत बसलेल्या क्लार्कलाच दिसायचा. तो तोंडानं सांगेल ते खरं. बायका रोज भांडायच्या. चेअरमन भाऊसो प्रियाला म्हणाले, "दूध घालणाऱ्याला सोताच्या डोळ्यानं आकडा दिसला पायजे. खिडकीवर लावायचा बोर्ड कर."

तिनं केला. लाल एलईडीचे ठळक आकडे, आणि ते चालवायला एकच चिप. ती चिप सगळे आकडे एकदम लावत नाही. एक लावते, विझवते, मग पुढचा लावते, पण इतक्या झपाट्यानं की आपल्या डोळ्याला सगळे एकाच वेळी पेटलेले दिसतात. मी बोर्ड बघायला गेले तर प्रियानं तो दुकानाबाहेर उन्हात धरला आणि मला पार पलीकडच्या पानपट्टीपाशी उभं केलं. "वाच!" मी तिथून वाचला. आण्णा दारात उभे राहून हसत होते.

बोर्ड गावात नेऊन बसवायचं काम सम्राटनं स्वतःहून मागून घेतलं. "एवढं ओझं घेऊन तू एसटीत कुठं चढतीस? मी स्कूटरवरनं नेतो की."

बोर्ड सुरू करायच्या दिवशी मीही प्रियाबरोबर गेले. उन्हाळ्यातली संध्याकाळ, ऊन खिडकीवर आलेलं. भाऊसोंनी नारळ फोडला. धोंडुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंची किटली पहिली काट्यावर ठेवली. सगळ्यांनी माना वर केल्या. बोर्डावर काहीच दिसेना. अगदी जवळ जाऊन हाताचा आडोसा केला तेव्हा कुठं आकड्याची लालसर सावली दिसली.

"ह्यात काय दिसतंय गं?" धोंडुबाई कडाडल्या. "आदी तोंडानं फसवत हुता, आता दिवा लावून फसवा!"

बायकांचा गलका झाला. कुणीतरी म्हणालं, क्लार्कानंच पोरीला सांगून तसा करून घेतला असणार. प्रिया पांढरीफटक पडली. परत येताना ती बोर्ड मांडीवर घेऊन एसटीत बसली होती. दुकानात पोचल्यावर सम्राट म्हणाला, "मी म्हणत हुतो, हे तुझं काम न्हवं. उगं आपलं नाव घालवलंस."

त्याच आठवड्यात चंदगडहून तिला बघायला पावणे येणार होते. मुलगा सरकारी नोकरीत होता. पोरीनं दुकानात बसायचं नाही, एवढी एकच त्यांची अट होती. प्रियानं घरात आधीच नको म्हणून सांगितलं होतं, तरी बोलणी चालूच होती. त्या रात्री ती मला फोनवर म्हणाली, "रूपाली, येऊ दे त्यांना. मला ह्यातलं काय येत न्हाय बहुतेक."

मी दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर दुकानात गेले. "आधी बोर्ड उघड," म्हटलं.

तिला वाटलं, गावात वीज कमी दाबानं येत असेल. पण इथं दुकानातही बोर्ड तसाच मंद. चिपला मिळणारा दाब मोजला, बरोबर पाच व्होल्ट. मग वाटलं, आकडे पाचच असताना आपण चिपला आठ लावायला सांगितलं का? तसं झालं तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ येतो आणि उजेड कमी होतो. तेही तपासलं. पाचच सांगितले होते, उजेडही पूर्ण ठेवलेला. उरला एक रेझिस्टर. एलईडीला किती करंट द्यायचा हे चिपला त्याच्यावरून कळतं. तो जितका मोठा, तितका उजेड कमी.

प्रियानं भिंग घेतलं आणि बराच वेळ वाकून राहिली.

"मी दहा किलोओहमचा लावलाता," ती म्हणाली. "तपकिरी, काळा, नारिंगी. ह्याच्यावर निळा, करडा, नारिंगी पट्टे हायत. अडुसष्ट."

"घाईत चुकून लागला असेल."

"मग उन्हात तू वाचलास कसा?" तिनं बोर्ड उलटा केला. "आणि हे बघ. रेझिस्टरचे पाय वाकवून, दाबून मग कथलाचा डाग दिलाय. मी पाय सरळ ठेवून कापतो. वाकवून डाग द्यायची सवय आमच्या घरात एकालाच हाय."

सम्राट दुकानामागच्या घरात जेवत होता. प्रिया बोर्ड घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी दारातच थांबले.

"हे तू बदललंस?"

त्यानं घास खाली ठेवला. नाकारील असं मला वाटलं होतं. "व्हय, मीच. मग काय करू? चांगलं स्थळ हातचं जात हुतं. एकदा काम फसलं की तू आपणहून हो म्हणशील, असं वाटलं. तुझ्या भल्यासाठीच केलं."

"माझ्या भल्यासाठी त्या बायकांना आकडा दिसू दिला न्हाईस?"

"एका दिवसानं काय बिघडत न्हाय."

प्रिया आण्णांकडे वळली. ते कॉटवर बसून होते. आता आण्णा पोराला झाडतील, अशी तिची खात्री होती, माझीही.

"आण्णा?"

"त्यानं मला इचारलं हुतं," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "मी नको म्हणलं न्हाई."

प्रिया रडली नाही. तिनं खोलीभर एकदा नजर फिरवली, परक्या घरात चुकून शिरल्यासारखी. मग बाहेर येऊन तिनं इस्त्रीसारखी तापलेली सोल्डरगन हातात घेतली, निळ्या पट्ट्यांचा रेझिस्टर काढला, तिचा होता तसला लावला. बोर्ड लखलखीत पेटला. ते बघून तिला काहीही आनंद झाला नाही.

बोर्ड तिनं स्वतः एसटीतून नेला. आकडा खिडकीवर उठून दिसला तसं भाऊसोंनी विचारलं, "काय झालंतं गं त्याला?" सगळ्या बायका ऐकत होत्या. "क्लार्कांचा काय दोष न्हवता," प्रिया म्हणाली. "आमच्याच घरातनं झालंय." धोंडुबाईंनी तिला बळंच ग्लासभर ताजं दूध प्यायला लावलं.

चंदगडचे पावणे आलेच नाहीत, तिनंच त्यांना फोन करून नको म्हणून कळवलं. महिन्याभरानं राजारामपुरीत माझ्या क्लासच्या खाली जिन्याजवळची अरुंद जागा तिनं भाड्यानं घेतली. आज आसपासच्या कितीतरी दूध संस्थांत तिचे बोर्ड आहेत. सम्राटशी ती लग्नकार्यात बोलते, पावण्याशी बोलावं तसं. तो वाईट माणूस नाही, हे ती मलाही सांगते. पण बांधलेला बोर्ड ती कुणाच्याही हाती देत नाही, माझ्यासुद्धा. याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं.

आण्णा तिच्या नव्या जागेत एकदाच आले. बराच वेळ टेबलावरचं काम बघत बसले. चहा झाल्यावर म्हणाले, "अजून मनात धरून बसलीयास व्हय?"

"सम्राटचं कवाच सोडलं," प्रिया म्हणाली. "लेक लेकाच्या बरोबरीची, असं तो विहारात कधी बोलला न्हवता."

आण्णांनी टोपी घातली. ती त्यांना केएमटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेली. बस येईपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभे होते, मला वरच्या खिडकीतून दिसत होते. आण्णा काहीतरी म्हणाले, तिनं मान हलवली. कशासाठी, ते मी तिला कधी विचारलं नाही.