गोड्या पाण्याची गाडी

लोक त्या गाडीजवळ आले की आधी आवाज बारीक करतात, मग मोबाइल काढतात. ‘काय मेंटेन केलीय!’ हे इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते कानावर आलं तरी माझं डोकं फिरतं. केलीय ना. पण कुणी केलीय, हे विचारायला कुणाची जीभ वळत नाही.

गाडी अमेरिकन. फिक्या हिरव्या रंगाची, चार दारांची, आणि इतकी लांब की डहाणूच्या बाजारात वळवायची तर दोन भाजीवाल्यांना टोपल्या उचलाव्या लागत. शेठनी ती मुंबईतल्या कुणा परदेशी साहेबाकडून घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. शेठची समुद्राजवळ चिकूची वाडी होती आणि माझा बाबा त्यांचा ड्रायव्हर. चाळीस वर्षं ड्रायव्हर. गॅरेजमागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, अजूनही राहतो. मी तलासरीच्या एका शाळेत शिकवते, रोज जा-ये करते.

खोटं कशाला बोलू, मलाही ती गाडी फार आवडायची. पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग, गिअर स्टिअरिंगलाच. दार लावलं की भरीव आवाज व्हायचा आणि बाहेरचा सगळा गलका तिथेच थांबायचा. खड्डे आत येईपर्यंत नुसते झोके होऊन जात. स्टिअरिंग मात्र डाव्या हाताला. त्यामुळे पुढे ट्रक असला की पलीकडून काय येतंय ते बाबाला दिसत नसे. इंजिन मोकळं करायला दर रविवारी तो गाडी रानशेतला काकाकडे न्यायचा, तेव्हा उजवीकडे मला बसवायचा. मी खिडकीतून डोकं काढून सांगायची, ‘थांब’ किंवा ‘जा’. सात वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर एवढी मोठी गाडी ट्रकला मागे टाकायची. तसं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही, आणि याचाही मला राग येतो.

गाडीत चपला घालून बसायचं नाही, हा बाबाचा नियम होता. शेठ आणि त्यांचे पाहुणे बुटांसकट बसत. नियम आमच्यापुरता. गॅरेजच्या पायरीवर चपला काढायच्या, अनवाणी चढायचं आणि परत आल्यावर त्याच पायरीवर उतरून चपला घालायच्या. रानशेतला काकाच्या अंगणातही आम्ही बापलेक अनवाणीच फिरायचो. अनवाणी पायाला पेडल नीट कळतं, असं बाबा सांगायचा. खरं कारण गाडीतला गालिचा.

आणि ते पाणी. समुद्रावरची खारी हवा लोखंड सोडत नाही. शेजारच्या वाडीतल्या गाड्या पाच-सहा वर्षांत खालून कुजायच्या. आमच्या गाडीचा बंपर मात्र असा की त्यात बघून भांग पाडावा. कारण बाबा रानशेतहून काकाच्या विहिरीचं गोडं पाणी दोन कॅन भरून आणायचा, आणि आठवडाभर रोज सकाळी त्या पाण्यात फडकं पिळून गाडी पुसायचा. वाडीतल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारं व्हायचं. त्यात डाळ शिजत नसे. आई तास तास जाळ घालत बसायची आणि तरी ताटात पाणी वेगळं, डाळ वेगळी. एकदा तिने डाळीपुरतं एक तांब्या पाणी मागितलं. बाबाने कॅन उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. म्हणाला, खाऱ्या पाण्याने पुसलं तर क्रोमवर पांढरे डाग पडतात. आईने पुन्हा कधी मागितलं नाही. मी तेव्हा नववीत होते. त्या दिवशी बाबाचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली.

शेठही गेले. यंदा एप्रिल महिन्यात त्यांचा नातू मुंबईहून आला आणि म्हणाला, गाडी विकली. तलासरीजवळ हायवेवर एक नवीन हॉटेल होतंय, त्यांना दारात उभी करायला हवीय. बाबाने एकच गोष्ट मागितली. दर रविवारी येऊन मी ती पुसेन, इंजिन चालू करेन, पैसे नकोत, तेवढं त्यांना सांगा. नातू म्हणाला, “काका, त्यात काय! मी बोलतो ना.” एवढ्या एका वाक्यावर बाबा पोचवायला तयार झाला. मला तेव्हाच कळलं होतं की हा काही बोलणार नाही. पण बाबाचा चेहरा असा उजळला होता की मी तोंड मिटून घेतलं. आज वाटतं, तेव्हाच भांडायला हवं होतं.

पोचवायच्या दिवशी मी रजा काढली आणि माझ्या जागी, उजवीकडे बसले. गंजाड गेलं, रानशेत गेलं, चारोटीला हायवे लागला. कंटेनरच्या रांगा होत्या. मी ‘थांब’ म्हणत होते, ‘जा’ म्हणत होते, आणि बाबा माझ्याकडे न बघता त्या शब्दावर गाडी काढत होता. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही ‘नक्की ना?’ असं विचारलेलं नाही. त्या तासाभरात माझा सगळा राग कुठे गेला होता कोण जाणे.

हॉटेलच्या आवारात बाबाने गाडी उभी केली, मी दार उघडून पाय खाली टेकला आणि चटका बसला. खाली सिमेंटचे ठोकळे, दुपारचा एक वाजलेला. मी पायाकडे बघितलं, मग बाबाच्या पायाकडे. आमच्या दोघांच्याही चपला डहाणूला, गॅरेजच्या पायरीवर. गाडी परत जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी दोघांनीही चपला काढून ठेवल्या होत्या. एवढी शिकले, पोरांना शिकवते, आणि मीसुद्धा.

नातू त्याच्या गाडीने आधीच पोचला होता. हॉटेलचा मॅनेजर गाडीभोवती फिरून कौतुक करत होता. बाबा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत त्यांच्या मागे गेला आणि रविवारचं बोलला. मॅनेजरने नातवाकडे बघितलं. नातवाने मोबाइलमध्ये बघितलं. मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं की गाडी चौथऱ्यावर चढवायची आहे, पेट्रोल काढून टाकायचं, बॅटरीही काढायची, इंजिन आता चालू करायचंच नाही. धुवायला हॉटेलची माणसं आहेत, बोअरवेलला पाणीही भरपूर आहे. बोअरवेल ऐकल्यावर बाबाने बंपरकडे बघितलं.

मग फोटो. नातू बॉनेटला टेकून उभा राहिला, मॅनेजरने चावी हातात धरली. बाबा सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी उभा होता.

“काका, जरा बाजूला व्हा,” नातू म्हणाला. “पाय दिसतायत.”

“दिसू देत,” मी म्हणाले. “तुझ्या गालिच्याला धूळ लागू नये म्हणून चाळीस वर्षं त्यांनी चपला बाहेर काढल्यात. दिसू देत की पाय.”

बाबाच बोलला. “गप, बाय,” म्हणाला आणि बाजूला झाला. झाला तो झाला, वर खिशातला रुमाल काढून नातवाचा हात टेकला होता तिथले बोटांचे ठसे पुसले. त्या रुमालाचा मला जेवढा संताप आला तेवढा नातवाचाही आला नाही.

हायवेपर्यंत चालत गेलो, रिक्षा बदलत घरी आलो. पायरीवर दोन्ही जोड होते तसे होते. त्याने माझ्या चपला पायाने माझ्याकडे सरकवल्या आणि आपल्या घालून आत गेला.

रविवारी सकाळी उठले तर बाबा घरात नव्हता. अकरा वाजता एसटीने आला, दोन्ही हातांत दोन भरलेले कॅन. रानशेतहून. गॅरेजच्या दाराशी थांबला. आत तेलाचे डाग पडलेली मोकळी लांब जमीन होती. त्याने कॅन खाली ठेवले. मग कॅन उचलून स्वयंपाकघरात आला आणि माझ्या पुढ्यात ठेवले.

“डाळीला घे,” म्हणाला.

मी घेतलं. डाळ बघता बघता शिजली, मऊ, एकजीव झाली. मी त्याला वाढली. तो पहिला घास घेऊन थांबला आणि भिंतीकडे बघत राहिला, जिथे आधी चूल होती तिकडे. मला ओरडायचं होतं. एक तांब्या मागितला होता तिने, एक तांब्या. पण तो रडत होता, म्हणून मी त्याच्या ताटात आणखी एक पळी डाळ वाढली आणि माझं ताट तसंच पालथं ठेवलं.