उभ्यानं खेळायचा खेळ

वीज गेली की त्या दुकानात आधी 'टक्' असा आवाज व्हायचा, मग कोपऱ्यातला इन्व्हर्टर भुणभुणू लागायचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा उग्र दर्प बंद हवेत दाटून यायचा. बाहेर महामार्गावरचे ट्रक शटर थरथरवीत अमरावतीकडे धावत, आणि आत, काळोखाच्या त्या गाभाऱ्यात, एकुलता एक टीव्ही देवासारखा तेवत असे. मित्रा, त्या देवाची पूजा कुणी करायची यावरून आमच्या कारंजा गावात पेटलेलं भांडण मी पाहिलं आहे!

गजूभाऊंच्या गेमच्या दुकानात त्या टीव्हीला जोडायची दोन यंत्रं होती. काळ्यावर पोरं खुर्चीत बसून, माना पुढे काढून, दोन्ही अंगठ्यांनी फुटबॉल आणि मारामाऱ्या खेळत. पांढरं नंतर आलं. त्याची कांडी धरून उभ्यानं हात फिरवला, की पडद्यावर चेंडू घरंगळत जाई आणि बाटल्यांसारखे खुंट कोसळत. साऱ्या जगात म्हणे या यंत्रांचं वैर होतं: एक खऱ्या खेळाडूंचं, दुसरं हौशागवशांचं. आमच्याकडे त्या वैराला भारनियमनाची धार होती. दुपारी वीज नसताना गजूभाऊंच्या पत्नी, रेखावहिनी, शेजारणींना घेऊन पांढरं यंत्र लावत, इन्व्हर्टरची बॅटरी उतरे, आणि संध्याकाळी पुन्हा वीज गेली, की पोरांचा सामना ऐन रंगात विझे.

पिंट्या हा काळ्या यंत्राचा अनभिषिक्त सम्राट. "भाऊ, बॅटरी खेळणाऱ्यायसाठी ठेवा ना," तो म्हणायचा, "वहिनी काई खेळून नाई राह्यल्या, हात हलवून भिंतीचे जाळे काढून राह्यल्या!" पोरं खिदळत. यात हसण्यासारखं काय होतं? गांभीर्य म्हणजे काय कपाळावरच्या आठ्या? ज्या आनंदात घाम आणि शिवी नाही, तो आनंद काय बेकायदेशीर? कुणी दिला यांना हा न्यायनिवाड्याचा अधिकार!

अखेर गजूभाऊंनी, व्यापाऱ्याच्या सावध बुद्धीनं, तोड काढली: पिंट्या आणि वहिनी, दोघांनी पांढऱ्या यंत्रावर खेळावं, जिंकेल त्याची बॅटरी. तुला वाटेल, पिंट्याची फजिती झाली. छे! तो सरळ जिंकला. वहिनींचा चेंडू पुन्हा पुन्हा बाजूच्या नाल्यात जाई आणि प्रत्येक वेळी त्या पोट धरून हसत. ते हसणंच पिंट्याला सोसेना. हरलेल्या माणसानं निदान दुःखी तरी व्हावं की नाही? दुकानाचा दंडक होता, हरेल त्यानं खुर्चीतून उठायचं. सवयीनं तो गुरकावला, "हरल्या ना वहिनी, उठा आता!"

"उठू कोठून, बावा? उभीच तं हाओ मी केव्हाची!"

शेजारणींचं हसू शटरबाहेर सांडलं. पण बोली ती बोली. बॅटरी पिंट्याची झाली. माझ्या डोक्यात निषेधाचं पत्रक तयार झालं, मथळ्यासकट. तो मजकूर कागदावर उतरवून, खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाशी गेलो, तर वीज गेलेली, टीव्ही मिटलेला, आणि त्या काळ्या काचेसमोर वहिनी रिकामा हात झुलवीत उभ्या! एक शेजारीण ओरडत होती, "पडले वं, सगळेच पडले!" दुसरी भांडत होती, "खोटं नको बोलू, एक राह्यलाच!"

पिंट्या खुर्चीपाशी आला होता. बॅटरी भरलेली, काळं यंत्र जोडलेलं. पण त्याला बसता येईना. "काऊन रे, खेळतं का?" वहिनींनी विचारलं. तो त्या काळ्या काचेत खुंट शोधू लागला.

आनंद असा कुणाच्या हातून काढून घेता येत नाही, हे त्या दुपारी मी पाहिलं, आणि माझं पत्रक खिशातच राहिलं. तरीही मन स्वस्थ होत नाही, मित्रा. हिरावता आलं नाही म्हणून हिरावणाऱ्याला माफी द्यायची? वहिनी काळोखात हसत होत्या, हे खरं. पण त्यांनी काळोखात का हसावं?