पोच न घेतलेला हुकूम

बेलीफ कुणाच्या दारात आनंद घेऊन येत नाही. समन्स, जप्ती, ताबा, मनाई, न्यायालयाने जे लिहिलं असेल ते ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायचं आणि पोच घेऊन परतायचं, एवढंच त्याचं काम. हा बेलीफ ते एकतीस वर्षं करत होता. तो गल्लीत शिरला की दारं लागत. बायका उंबऱ्यात येऊन "हे घरी नाहीत" म्हणून सांगत आणि त्यांच्या पाठीमागे 'हे' खोकत. तो हसत नसे, चिडतही नसे, पायरीवर थांबून राही. खोकला किती वेळ दाबता येतो याचा त्याला अंदाज होता.

न्यायालयातली माणसं त्याला 'हातोहात' म्हणत. त्याने कागद कधी दाराखालून सरकवला नाही, कधी शेजाऱ्याकडे ठेवला नाही. आधी सही, मग कागद. घेणाऱ्याने नाकारलाच, तर दोन पंचांसमक्ष दारावर डकवायचा आणि तसं लिहायचं. त्याची बायको म्हणे, "लग्नाच्या वेळी माझ्या बापाकडून माझीसुद्धा पोच घेतली असेल ह्यांनी." असेलही. त्याच्या अहवालातल्या एका ओळीवर लोकांची घरं रिकामी झाली होती. तो आलाच नव्हता असं एका विधवेने शपथेवर सांगितलं होतं, आणि न्यायाधीशांनी तिच्या शपथेपेक्षा त्याची ओळ खरी मानली होती. ती खरीच होती. तरी त्या रात्री त्याला घास गिळवला नव्हता.

त्या वर्षी देशाच्या प्रमुखांनी 'परिस्थिती पूर्ववत होईपर्यंत' स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेतली. सभागृहाला सुट्टी दिली. वर्तमानपत्रं हवामानाबद्दल भरभरून लिहू लागली. न्यायालय मात्र अजून अकराला उघडत होतं, आणि लोक त्याच्या पायऱ्या चढताना आवाज खाली आणत, जणू आत कुणी आजारी आहे.

एका भूगोलाच्या मास्तरांनी पालकसभेत विचारलं, की परिस्थिती पूर्ववत होईपर्यंत म्हणजे नक्की कधीपर्यंत? संध्याकाळी त्यांना घरून नेलं. आरोप नाही, खटला नाही, गृहखात्याचा एक छापील कागद. त्यांच्या बहिणीने न्यायालयात अर्ज केला. न्यायाधीशांनी दुपारी हुकूम दिला: मास्तरांना शहराबाहेर हलवू नये, उद्या अकरा वाजता समोर हजर करावं. नव्या फर्मानाप्रमाणे सरहद्दीवरच्या छावण्यांना न्यायालयाचा हुकूम थेट लागू होत नव्हता. मास्तर एकदा तिथे पोहोचले की संपलं. म्हणून आजच्या आज, कचेरी बंद व्हायच्या आत, हा कागद गृहखात्यात बजावला जायला हवा होता.

नाझर म्हणजे बेलिफांचा वरिष्ठ, कामं वाटून देणारा. त्याने कागद हातात देताना एवढंच म्हटलं, की आज जरा जपून. बहीण व्हरांड्यात उभी होती. ती बेलिफाबरोबर फाटकापर्यंत चालत आली आणि तिथून मागे वळली.

गृहखातं तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट साहेबलोकांसाठी. बेलिफाचे पाय त्या दिवसांत दुपारनंतर सुजत. तो वर पोहोचला तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती. दारावरचा म्हातारा शिपाई ओळखीचा होता. दोघांच्या निवृत्तीत दोन महिन्यांचं अंतर होतं आणि आधी कोण सुटणार यावरून त्यांची थट्टा चाले. आज शिपायाने थट्टा केली नाही. तो आत गेला, आणि त्याच्याबरोबर खुद्द कक्ष अधिकारी बाहेर आला. त्याने बेलिफाला "या, बसा" म्हटलं आणि भिंतीजवळची एक खुर्ची स्वतःच्या हाताने पुढे ओढली.

एकतीस वर्षांत कुठल्याही सरकारी कचेरीत बेलिफाला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तो बसला. पायांना मुंग्या आल्या. अधिकारी म्हणाला, की सही सचिवसाहेबांचीच लागेल, ते आत आहेत, कागद शिपायाबरोबर पाठवतो, दोन मिनिटांत पोच येईल. सगळं इतकं रीतसर आणि गोड होतं, की नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. बेलिफाने क्षणभर कागद धरून ठेवला. शिपायाने हात पुढे केला. तो हात ओळखीचा होता. बेलिफाने कागद सोडला.

दोन मिनिटांची वीस झाली. मग घड्याळाकडे पाहणंही नकोसं झालं. चहा आला, तो त्याने घेतला नाही. साडेपाचला शिपाई बाहेर आला. तो खाली बघत होता.

"साहेब मागच्या जिन्याने गेले," तो म्हणाला. "कागद टेबलावर आहे. खोलीला कुलूप आहे. मला काय सांगतोस, मी दारावरचा माणूस."

सहा वाजता मास्तरांची गाडी शहराबाहेर पडली. बेलिफाला ते सकाळी न्यायालयाच्या पायरीवर बहिणीकडूनच कळलं. तिने त्याला दोष दिला नाही. पोच मिळाली ना, एवढंच विचारलं. तिला वाटत होतं, पोच असली तर खातं अडकलं.

नाझराने त्याला दप्तराच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. गृहखात्याच्या आवक रजिस्टरात तो हुकूम आज सकाळी दहाची वेळ घालून चढवला होता. म्हणजे कागदोपत्री, मास्तरांना हलवलं तेव्हा हुकूम खात्याला मिळालेलाच नव्हता. नाझर भला माणूस होता, त्याचा स्वतःचा भाचा दोन महिने बेपत्ता होता. त्याने कोरा अहवाल पुढे सरकवला. लिहायचं, की त्यांनी कागद नाकारला आणि दोन पंचांसमक्ष तो दारावर डकवला. पंच तो बघणार होता.

"एका ओळीचा प्रश्न आहे," नाझर म्हणाला. "न्यायाधीशांना तेवढीच हवीय. मग त्या सचिवाला ते उभा करतात की नाही बघ."

"डकवला नाही मी."

"ते रोज छापून खोटं लिहितात, हातोहात. आपण एकदा लिहिलं तर आभाळ कोसळतं का?"

बेलिफाने अहवाल जवळ ओढला. नाझराचं चुकत नव्हतं. कुंपणानेच शेत खायला घेतलं, तर शेतकऱ्याने नियम कुणाचे पाळायचे? पण ती ओळ लिहायला हात उचलला की त्याला ती विधवा आठवे. आपली ओळ खोटी असू शकते असं एकदा झालं, की मग ती त्या दिवशीही असू शकत होती. आणि याच्याच शेजारी साधी भीतीही होती. पंच फुटले तर तुरुंग, निवृत्तिवेतन गेलं, बायको भावाच्या दारात. यातलं तत्त्व किती आणि भय किती, हे त्याला वेगळं करता आलं नाही. एकाच भांड्यातलं पाणी ते. त्याने लिहिलं: तीन वाजून चाळीस मिनिटांनी हुकूम शिपायाच्या हाती दिला. पोच घेतली नाही. चूक माझी.

नाझराने कागद वाचला. "मास्तरला पुरलंस बघ," तो म्हणाला आणि दार उघडलं.

सरकारी वकिलाने तोच अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. बजावणी कायद्याप्रमाणे झालेली नाही, हे न्यायालयाच्या माणसानेच लिहून दिलं आहे, याकडे त्याने नम्रपणे लक्ष वेधलं. न्यायाधीश थकलेले दिसत होते. त्यांनी बेलिफाला पुढे बोलावलं आणि विचारलं, की इतक्या वर्षांत जे केलं नाही ते काल का केलं?

"खुर्ची दिली, साहेब," बेलीफ म्हणाला.

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि दुसरा हुकूम लिहिला, छावणीच्या अधिकाऱ्याच्या नावाने. तो लागू होतो की नाही हे पुढे ठरेल, पण बजावला तरी जावा, असं ते म्हणाले. कुठलाच बेलीफ जायला तयार नव्हता. ह्याने पिशवी उचलली. आपल्या खर्चाने बहीणही निघाली.

छावणी म्हणजे मोकळ्या माळावर एक लांब भिंत आणि एक फाटक. पहारेकऱ्याने फर्मानाचा क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवला आणि झरोका लावून घेतला. बेलिफाने हुकूम फाटकावर डकवला. आता दोन पंच हवे होते. बहीण सहीला पुढे झाली, पण नात्यातलं माणूस पंच चालत नाही, हे त्याने तिला सांगितलं. मग ती रस्त्यावर गेली. पाण्याच्या टँकरवाल्याने ऐकून घेतलं आणि गाडी पुढे काढली. एका मेंढपाळाने कागद कसला ते विचारलं, फाटकाकडे पाहिलं, आणि मला लिहिता येत नाही असं म्हणाला. अंगठाही चालतो म्हटल्यावर त्याने दोन्ही हात घोंगडीत घेतले. ऊन उतरेपर्यंत ती रस्त्यावर उभी होती. मग परत आली.

"काका, तुम्ही तिकडे बघा," ती म्हणाली. "एक सही मी उजव्या हाताने करते, एक डाव्या. नावं घालते कुणाचीही."

ती हसत नव्हती. तिने हात पुढे केला होता. बेलिफाने तिच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे, आणि या वेळी तो इतका वेळ थांबला की तिला वाटलं, देणार. मग त्याने अहवाल पिशवीवर धरून लिहिलं: हुकूम फाटकावर डकवला. पंच मिळाले नाहीत.

तिने ते उभ्या उभ्या वाचलं. परतीची एकच गाडी होती आणि ती गाठायची तर आताच निघायला हवं होतं. ती त्याच्यासाठी न थांबता चालू लागली. त्याने घड्याळात पाहून अहवालावर वेळ घातली, आणि सुजल्या पायांनी तिच्यामागे निघाला. मागे झरोका उघडल्याचा आवाज आला, त्याने वळून पाहिलं. एक हात बाहेर आला, फाटकावर चाचपडला आणि कागद सोलून घेऊन आत गेला.

बेलीफ परत फिरला. पिशवी उघडून त्याने अहवालात तेही लिहिलं.