ठरलेलं दूध

धारोष्ण दुधाचा वास आला की मला महाबळेश्वरच्या पलीकडच्या जंगलातला तो धनगरवाडा आठवतो. आम्ही सहा मित्र साताऱ्याहून स्वस्तातल्या ट्रेकला निघालो होतो. वाटाड्याशी घासाघीस मीच केली होती; वाडीत मुक्काम, भाकरी आणि ताजं दूध, सगळं ठरलेल्या पैशांतच. दिवसभर जळवा झटकत, कारवीतून चालून पोचलो, तर घरची म्हातारी म्हणाली, "दूध न्हाई. परवा रेडकू मेलं, म्हस पान्हा सोडत न्हाई." माझं डोकं फिरलं. "आवं आजी, माझी आय बी म्हशीच पाळायची. रेडकाचं कातडं ठेवलंय न्हवं? ते तिच्याफुडं धरा, रेडकूच हाय समजून सोडंल पान्हा." ती वाटाड्याकडे बघत म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या, अजून हंबरतीया." मी म्हणालो, "ठरलंय ते ठरलंय." तिनं वळचणीला टांगलेलं कातडं काढून आणलं. म्हशीनं ते हुंगलं, हंबरणं थांबवून ती ते चाटायला लागली, आणि चरवीत धार वाजू लागली. दूध निघाल्यावर कातडं उचललं, तसा म्हशीनं दाव्याला असा हिसका दिला की खुंटा हलला. म्हातारीनं आमच्यापुढं पेले मांडले. "तुमी सकाळी जाल. हिला रातभर कोण गप करंल?" पाचही जणांनी पेले तसेच ठेवले. मी सहाही प्यालो. त्यानंतर त्यांनी मला कधी ट्रेकला बोलावलं नाही. पण ठरलेलं दूध मागितलं यात माझं काय चुकलं, हे अजून एकानंही तोंडावर सांगितलेलं नाही.